लाडा, उणे एकतीस

रात्री बॅटरी घरात आणून निजवली,
चुलीपासून दोन हात लांब, पोत्यावर.
पोत्याची उरलेली बाजू मांजराने घेतली.
सकाळी साडेसहाला पोटाशी धरून अंगणात नेली,
बसवली, चावी फिरवली.
खर्र. खर्र.
मग टक्.
मग नुसतंच टक्.

चौऱ्याण्णवचं मॉडेल. नाव लाडा,
पण लाड कुणी केले नाहीत.
नवऱ्याने हिच्यातून मेंढ्या नेल्या, दिराने कोळसा,
मी तीन वर्षं पाव नेतेय
नारिनच्या बाजारात, आठच्या आत.
आजचे छत्तीस मागच्या सीटवर
घोंगडीखाली वाफ सोडतायत,
काचा आतून धूसर होतायत,
जणू आधीच कुणी चढून बसलंय
आणि माझा उशीर मोजतंय.

तोक्तोसुन कुंपणावरून आला. निवृत्त, पहाटेपासून मोकळा.
"बॅटरी गेली," म्हणाला. "वय झालं की काही धरून ठेवत नाही."
बोलता बोलता स्वतःचा खिसा चाचपला,
चष्मा कपाळावरच होता.

बाझारकुलला दारू सोडून चार महिने झालेत.
तो म्हणाला, "पेट्रोलात पाणी.
या जगात निर्भेळ काही मिळत नाही, वहिनी."

उरुमकान नातीचं बोट धरून आली.
तिचा मुलगा मॉस्कोत, फोन सणासुदीला.
"ठिणगीच पोचत नसेल," ती म्हणाली,
"इतक्या लांब."
लांब कुठली? वीतभर वायर.
पण मी काही बोलले नाही.

चारही प्लग काढले,
तव्यावर अक्रोडांसारखे परतले,
बोटं भाजत, फुंकत, पुन्हा आवळले.
इंजिनाखाली निखाऱ्यांची परात सरकवली.
चोक पूर्ण ओढला.
टक्.

शाळेला थंडीची सुट्टी होती, म्हणून बेगाइम तिथे होती.
अकरा वर्षांची. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.
हातमोजा काढून ती बॉनेटमध्ये वाकली,
आजी ओरडली तरी प्रत्येक गोष्टीला बोट लावत गेली
आणि एका ठिकाणी थांबली.
"ही तार गरम आहे."

काळी तार. बॅटरीपासून निघून
बोल्टाखाली गाडीच्या अंगाला भिडलेली.
बोल्टावर हिरवट पांढरी बुरशी.
मग आम्ही तिघांनी मोजे काढले,
पाळीपाळीने हात लावला,
नुकत्याच जन्मलेल्या कोकराला लावतात तसा.

अर्थाची तार.
अर्थ लागत नव्हता, एवढंच.
बॅटरी देत होती, ठिणगी तयार होती,
पेट्रोलही (ऐक, बाझारकुल) चोख होतं.
सगळं निघायचं, आणि त्या बोल्टापाशी
नुसतं तापून संपायचं,
घरातल्या घरात काढलेल्या रागासारखं.

चाकूने खरवडलं. चाकू निसटू लागला
तेव्हा उरुमकानने घरून नखं घासायची कानस आणली,
मॉस्कोहून सुनेने पाठवलेली,
वेष्टनातून आज पहिल्यांदा निघालेली.
तांबूस चकाकी दिसेपर्यंत घासलं. बोल्ट आवळला.

खर्र, खर्र, खर्र, खर्र,
आणि धरलं!
सगळी गाडी शिंकल्यासारखी हलली,
निळ्या धुरात कुंपण दिसेनासं झालं.
"मी म्हटलंच होतं," तोक्तोसुन धुरातून म्हणाला.
काय म्हटलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

नऊ वाजून गेले होते. चांगली गिऱ्हाइकं
आता दुसऱ्या कुणाचा पाव खात असतील.
तिघांना तीन पाव दिले.
बेगाइमला पाव नको होता, पुढची सीट हवी होती.

"हॉर्न वाजवू?"
"दोन वर्षं बंद आहे तो."
मग पुलाच्या वळणापर्यंत
तिने तोंडानेच वाजवला.